ऑगस्टमधलं मॉरिशस: आधी वारा बघा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण ऑगस्टच्या मध्यावर सहा रात्रींसाठी मॉरिशसला निघालाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दोघंही ज्येष्ठ शुद्ध शाकाहारी. एजंटने पूर्व किनाऱ्यावरचं एक चांगलं रिसॉर्ट आणि 'नॉर्थ टूर, साउथ टूर, इल ओ सेर्फ (एक छोटं बेट)' असं तीन सहलींचं पॅकेज दिलंय. ते घ्यावं का, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथे नेमकं काय बघावं?

मी बरीच वर्षं पुण्या-मुंबईकडची कुटुंबं मॉरिशसला नेतो, त्या अनुभवावरून सांगतो. देश छान निवडलात, महिनाही चांगला आहे. फक्त ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर मुक्काम करू नका. रिसॉर्ट कितीही उत्तम असलं तरी नको. आणि तीन सहलींमधल्या दोन काढून त्या जागी एक पूर्ण दिवस राजधानी पोर्ट लुईससाठी ठेवा.

पूर्वेला का नको, ते नीट समजून घ्या. मॉरिशस विषुववृत्ताच्या साधारण 20 अंश दक्षिणेला आहे, म्हणजे आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिथे हिवाळा. मे ते ऑक्टोबर कोरडा आणि सुखद, नोव्हेंबर ते एप्रिल गरम आणि दमट, त्यातही जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. हिवाळाभर आग्नेयेकडून वारा वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याला चांगलाच जोर असतो. हेच आग्नेय वारे पुढे विषुववृत्त ओलांडतात, वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन आपल्या कोकणात पाऊस पाडतात. मॉरिशस, रीयुनियन आणि रॉड्रिग्ज ही मास्करीन बेटं. आपले हवामानवाले मान्सूनच्या आधी ज्या 'मास्करीन हाय'विषयी बोलतात, त्या उच्च दाबाच्या पट्ट्याला हे नाव याच बेटांवरून पडलंय.

हा वारा पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर सरळ येऊन आदळतो. पूर्वेच्या बेल मारची वाळू सुंदर आहे, पाणी निळंशार आहे, पण ऑगस्टच्या दुपारी तिथे खुर्ची टाकून बसलं की अंगावर वाळू येते आणि थंडी वाजते. तिशीतल्या जोडप्याला त्याचं काही वाटत नाही, सत्तरीतल्या माणसाला फार वाटतं. बेटाच्या मध्यभागी पठार आणि डोंगर आहेत. ढग तिथे अडतात आणि तिथेच रिकामे होतात. पश्चिम किनारा त्यांच्या आडोशाला पडतो. घाटमाथ्यावर धो-धो पाऊस आणि वाईच्या पुढे कोरडं, तसाच हा मामला आहे. पश्चिमेच्या तामारँला मिठागरं आहेत, यावरून तिथे ऊन किती आणि पाऊस किती याचा अंदाज येईल.

म्हणून मुक्काम पश्चिमेला किंवा वायव्येला करा. माझी पहिली पसंती फ्लिक-आं-फ्लाक. लांबच लांब किनारा, मागे सुरूची झाडं, चालत जाण्याच्या अंतरावर दुकानं आणि खाण्याच्या जागा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी टॅक्सी लागत नाही. दुसरी पसंती वायव्येचं त्रू ओ बीश. तिथलं पाणी उथळ आणि शांत, लहान मुलांसाठी फार चांगलं. पण तुम्हाला नैऋत्येकडच्या बऱ्याच गोष्टी बघायच्या आहेत, म्हणून फ्लिक-आं-फ्लाक सोयीचं. उत्तरेचं ग्रां बे गजबजलेलं आहे. रात्री उशिरापर्यंत हिंडायची हौस असेल तर तिथे राहा, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

बेटाच्या जवळपास सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिथे लांबवर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. म्हणूनच मॉरिशस पोहता न येणाऱ्यांनाही मानवतं. जिथे ही भिंत तुटलेली आहे तिथे समुद्र वेगळाच असतो. दक्षिणेला ग्री-ग्रीला कड्यावरून लाटा बघा, डोळ्यांचं पारणं फिटेल, पण पाण्यात पाऊलही टाकू नका. आणि फ्लिक-आं-फ्लाकच्या शांत पाण्यातसुद्धा रबरी तळव्याचे बूट घालूनच उतरा. पाण्याखाली प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्री साळू असतात. क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो, त्याचा काटा टोचला तर थेट दवाखानाच गाठावा लागतो. मुलीसाठी असे बूट पुण्यातूनच घ्या.

किनारे सगळे सार्वजनिक आहेत, भरतीच्या रेषेपर्यंत कुणालाही जाता येतं. एखाद्या रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर जरूर बसा. स्थानिक कुटुंबं सकाळपासून पातेली, चटया, ढोलकं घेऊन येतात. सुरूच्या सावलीत जेवणं होतात, दुपारनंतर सेगा सुरू होतो. 'रावान' नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं चपटं वाद्य आधी शेकोटीवर तापवून घेतात आणि मग वाजवतात. गुलामीत आणलेल्या आफ्रिकी माणसांनी जपलेलं हे संगीत आहे. रिसॉर्टमध्ये रात्रीच्या जेवणाबरोबर जो सेगा दाखवतात, त्यापेक्षा हा कितीतरी खरा.

आता पॅकेजमधल्या सहली. साउथ टूर ठेवा. त्यात क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव आणि शामारेल येतं, म्हणजे बेटाचं अंतरंग एका दिवसात दिसतं. एजंटला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना आणि हिऱ्यांची दुकानं यांवरचे थांबे वगळा. तिथे तास-दीड तास सहज जातो आणि ऑगस्टमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हा वेळ परवडत नाही. दुसरी, निघायची वेळ सकाळी आठच्या आत ठेवा.

क्युरपिप पठारावर आहे. किनाऱ्यावर लखलखीत ऊन असलं तरी वर झिमझिम पाऊस आणि गारठा असतो, सासू-सासऱ्यांना स्वेटर आणि कानटोपी लागेलच. गंगा तलाव म्हणजे ग्रां बासँ, विवरात साठलेलं तळं. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक खांद्यावर कावड घेऊन चालत इथे येतात, कित्येक जण दोन-तीन दिवस चालतात. तळ्याच्या प्रवेशाशी शंकराची 33 मीटर, म्हणजे 108 फुटी मूर्ती आहे. सासूबाईंसाठी चांगली बातमी अशी की गाडी अगदी जवळ जाते आणि तळ्याच्या काठाशी जायला मोजक्याच पायऱ्या आहेत. माकडं हातातली पिशवी ओढतात, प्रसाद झाकून ठेवा.

शामारेलला सात रंगांची माती आहे. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, त्यांचे हे लाल, तपकिरी, जांभळे पट्टे. दुपारी ऊन डोक्यावर असताना रंग फिके दिसतात, तेव्हा तिथे शक्य तितक्या लवकर किंवा ऊन कलल्यावर पोहोचा. तिथून खाली उतरलात की ल मोर्नचा डोंगर समोर येतो. 556 मीटर उंच, समुद्रात घुसलेला एकटा काळा कातळ. मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या कपारींमध्ये लपून राहत. गुलामी संपल्याची बातमी द्यायला आलेले शिपाई पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी वरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगतात. 2008 मध्ये हा डोंगर जागतिक वारसास्थळ झाला. पायथ्याशी गुलामांच्या स्मरणार्थ शिल्पं आहेत, तिथवर सगळ्यांना जाता येतं. डोंगर चढायचा तर वरचा टप्पा हातापायांनी चढायचा आहे, मुलीला घेऊन तो करू नका. एक खुलासा: 'पाण्याखालचा धबधबा' म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो तो याच डोंगराच्या टोकाचा आहे. तिथे वाळू आणि गाळ खोल पाण्यात सरकतो आणि वरून धबधब्याचा भास होतो. तो फक्त आकाशातून दिसतो, होडीतून काहीच दिसत नाही. कुणी होडीतून दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

वाटेत उसाच्या शेतांकडे लक्ष द्या. ऑगस्टमध्ये तोडणी चालू असते, ट्रक भरभरून ऊस जातो. शेतांच्या मधोमध काळ्या बसाल्टच्या दगडांचे मोठमोठे ढिगारे दिसतील, काही तर पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. बेट ज्वालामुखीचं, जमीन सगळी दगडांनी भरलेली. ऊस लावण्याआधी हे दगड माणसांनी उपसून काढले. आधी गुलामांनी, नंतर भारतातून करारावर आणलेल्या मजुरांनी. मुलीला हे ढिगारे दाखवा आणि ही गोष्ट सांगा.

इल ओ सेर्फची सहल तुमच्या बाबतीत मी काढून टाकेन. ते बेट पूर्वेला आहे, होडी त्रू द'ओ दूसहून सुटते आणि ऑगस्टच्या वाऱ्यात स्पीडबोट आपटत आपटत जाते. दुखऱ्या गुडघ्यांना आणि कमरेला ते सोसवत नाही. चढता-उतरताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं ते निराळंच. डिसेंबरात जाणार असतात तर जरूर जा म्हटलं असतं.

नॉर्थ टूर एजंट देतात ती घाईची असते: किल्ल्यावरून शहर बघा, कोदां वॉटरफ्रंटला दोन तास खरेदी करा, परत या. त्याऐवजी गाडी घ्या आणि आपला दिवस आपण आखा. सुरुवात पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटापासून, म्हणजे भारतातून आलेले मजूर जिथे उतरत त्या जागेपासून करा. घाट रविवारी बंद असतो, म्हणून हा दिवस आठवड्यातला कामाचा ठेवा.

मराठी माणसाने मॉरिशसला जाऊन हा घाट न बघता परत यावं, हे मला मनापासून पटत नाही. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. 1835 मध्ये इथली गुलामी संपणार होती, पण उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती. मग भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजातून 36 जणांची तुकडी उतरली. त्यापुढे 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बंदरातून गेली. बहुतेक जण बिहार आणि उत्तर प्रदेशातून कलकत्त्यामार्गे आले, तमिळ आणि तेलुगू लोक मद्रासहून, आणि आपली कोकणातली, रत्नागिरीकडची माणसं मुंबई बंदरातून. 2 नोव्हेंबरला आजही तिथे सार्वजनिक सुटी असते.

घाट आकाराने अगदी लहान आहे. मूळ डेपोतला थोडाच भाग उरलाय. दगडी भिंती, दवाखान्याच्या खोल्या, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघरं आणि सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेली माणसं या पायऱ्या चढून आत येत, दोनेक दिवस इथे राहत, नावं नोंदवली जात, क्रमांक मिळे आणि मग मळ्यांवर रवानगी होई. पायऱ्या झिजलेल्या आहेत. समुद्र आता तिथून मागे हटलाय, भराव टाकलाय, समोर रस्त्याची रहदारी आहे. शेजारच्या माहिती केंद्रात आधी जा, नंतर पायऱ्या बघा, म्हणजे काय बघतोय ते कळतं. प्रवेश मोफत आहे. सासू-सासऱ्यांना बसायला जागा आहे. घाई करू नका, दीड तास द्या. या मजुरांच्या नोंदी आणि नंतरच्या काळातले फोटो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेत. तिथे मॉरिशसची माणसं आपल्या पणजोबांचं गाव शोधायला येतात.

तुम्हाला तिथे मराठी माणसं भेटतील, पण आडनावावरून ओळखू येणार नाहीत. नोंदणीच्या वेळी पुष्कळांचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं, तेही इंग्रजी-फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगने. घरात बहुतेकांची भाषा क्रिओल, पण सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकता येते. मराठी समाजाच्या संस्था आहेत, देवळं आहेत. गणेशचतुर्थीची देशभर सार्वजनिक सुटी असते. विसर्जनाला फ्लिक-आं-फ्लाकसारख्या किनाऱ्यांवर मोठी गर्दी होते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून आजही नाचतात. तुमच्या तारखा एखाद-दोन आठवड्यांनी पुढे ढकलता येत असतील आणि त्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर येत असतील, तर मी म्हणेन, जरूर ढकला. सुटीचा दिवस मात्र तिथल्या कॅलेंडरवर बघा, आपल्यापेक्षा एखादा दिवस पुढे असू शकतो.

घाटावरून बाजार जवळच आहे. इथे दुपारचं जेवण उरका. शाकाहारी माणसाचं या देशात उत्तम चालतं आणि सगळ्यात चांगलं रस्त्यावरच मिळतं. ढोलपुरी म्हणजे पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, हळद-जिरं घालून बारीक करायची आणि मैद्याच्या पोळीत भरून पातळ लाटायची. गोड नसते, खारी असते. विकणारा नेहमी दोन-दोनची जोडी देतो. तव्यावरच्या रुमालाखालून दोन मऊ पोळ्या काढतो, त्यांवर पांढऱ्या मोठ्या वालांची पातळ भाजी, टोमॅटोचा रूगाय म्हणजे रस्सा, कोथिंबिरीची चटणी घालतो, झपकन गुंडाळतो आणि कागदात देतो. मिरचीचा ठेचा हवा का विचारेल. मुलीसाठी नको म्हणा, तो जहाल असतो. डाळीचे मिरचीवडे म्हणजे 'गातो पिमां', तेही शाकाहारी. वरून थंडगार आलुदा प्या. दूध, सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे. आणि अननस: छोटा, गोड, देठ धरून खाता येईल असा सोललेला, वर मीठ-मिरची.

चिनी पद्धतीच्या ठिकाणी सांभाळा, तिथे 'व्हेज'मध्येही मासळीचा किंवा कोंबडीचा रस्सा असू शकतो. एक क्रिओल वाक्य पाठ करून जा: 'मो पा मांझ लाव्यान, मो पा मांझ प्वासों', म्हणजे मी मांस खात नाही, मासे खात नाही. अंडंही चालत नसेल तर 'दिझेफ' हा शब्द जोडा. हिंदी बऱ्याच जणांना कळते, इंग्रजी जवळपास सगळ्यांना. रिसॉर्टमध्ये सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून पॅकेज घ्या, दुपारचं बाहेर ठेवा.

जेवून पांपलमूसच्या बागेत जा, तिथून साधारण अर्ध्या तासावर. परातीएवढ्या पानांची कमळं तर आहेतच, पण तालिपाट पाम शोधा. तो आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी फुलतो आणि मग मरतो. बाग सपाट आहे, चालायला सोपी. गाइड तिथे दारातच मिळतात, त्यांना घ्या, त्याशिवाय झाडं कळत नाहीत.

मुलीसाठी एक गोष्ट माझ्याकडून जोडा: माएबूरजवळचं इल ओ एग्रेत. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावरचं छोटं बेट, तिथल्या मूळ जंगलाचे अवशेष राखलेत. डोडो याच देशातला, सतराव्या शतकात संपला, हे तिला ठाऊक असेलच. इथे तिला गुलाबी कबूतर दिसेल. 1990 च्या सुमारास जंगलात ती दहाच्या आसपासच उरली होती, तिथून मोठ्या मेहनतीने पुन्हा शेकड्यांवर आणलीत. मोकळी हिंडणारी प्रचंड कासवंही आहेत. मॉरिशसची मूळ कासवं संपली, म्हणून बिया पसरवायचं त्यांचं काम करायला सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटांवरची कासवं आणली. सहल गाइडबरोबरच होते, आधी बुक करावी लागते आणि तासाभराहून जास्त चालणं आहे. तेवढा वेळ आजी-आजोबा जवळच ब्लू बेच्या किनाऱ्यावर बसू शकतात. ही खाडी आग्नेयेला असली तरी आडोशाची आहे, काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतं. हे सगळं विमानतळाच्या जवळ आहे, त्यामुळे परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर शेवटच्या दिवशी करा. तो सोमवार असेल तर माएबूरचा आठवडी बाजारही मिळेल.

डॉल्फिनच्या सहलीबद्दल बरेच जण विचारतात. तामारँच्या खाडीत सकाळी डॉल्फिन विश्रांतीला येतात आणि पंधरा-वीस होड्या त्यांच्यामागे पळतात. मी माझ्या लोकांना तिकडे नेत नाही.

प्रवासासाठी चालकासह गाडी दिवसाच्या बोलीवर घ्या. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. पोर्ट लुईस ते क्युरपिप मेट्रोही आहे, मुलीला एक फेरी मारून आणा. मॉरिशसचा रुपया आपल्या साधारण दोन रुपयांच्या आसपास असतो, आणि 2024 पासून काही दुकानांत यूपीआयही चालतं, पण ढोलपुरीवाल्यासाठी सुटे ठेवा. व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज मात्र हाताशी ठेवा. सासू-सासऱ्यांची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतात. भाकरवडी, चिवडा बंद पाकिटातला न्या. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे असतात, दोन अडॅप्टर घ्या.

एजंटला फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: त्याच पैशांत पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकमध्ये तळमजल्यावरच्या दोन शेजारच्या खोल्या आणि इल ओ सेर्फ आणि नॉर्थ टूरऐवजी एक दिवस गाडी मिळेल का? बहुतेक वेळा मिळते. नाही म्हणाला तर हॉटेलाचं नाव आणि दर मला कळवा, मी पर्याय सुचवतो.